बाजाराचा चेहरा

“आलं का तोंडाले पानी?” बादलने ओल्या तुरीची शेंग दोन बोटांत दाबली, हिरवे सोले तळहातावर घेतले आणि फोनकडे पाहून डोळे मिचकावले. “आलं असंन तर या मंग दिग्रसले, रविवारी. पिशवी घरून आना बरं. आमी पन्नी देत नाई.”

“झालं,” उज्ज्वला म्हणाली. “पन पन्नी म्हनतानी तुमी तोंड वाकडं केलं.”

“पन्नीचं नाव काढलं का होतेच माह्यं तोंड वाकडं. राहू दे तसंच.”

तिने तसंच राहू दिलं. शेजारी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसलेली हंसाबाई पदर तोंडाशी धरून हसत होती. संध्याकाळपर्यंत हा व्हिडिओ नेर, पुसद, यवतमाळपर्यंत फिरला आणि खाली लोकांनी लिहिलं, ‘या भाऊंचं वाकडं तोंड बघायला तरी येतो.’

बंद पडलेल्या एका जिनिंगच्या आवारात हा बाजार भरायचा. मधे व्यापारी नाही, अडत नाही. शेतातला माल शेतकऱ्यानेच विकायचा. मशीन कधीच भंगारात गेल्या होत्या, पण कुंपणाच्या तारेत जुन्या कापसाचे पुंजके अजून अडकलेले होते. सुरुवातीला तिथे गिऱ्हाईकच फिरकत नसे. बाया समोरासमोर बसत आणि दुपार कलली की एकमेकींचीच भाजी घेऊन घरी जात. उज्ज्वला राठोड ही जवळच्या तांड्यावरची, बारावी शिकलेली बाई. बचत गटाच्या प्रशिक्षणात ती फोनवर व्हिडिओ कापायला-जोडायला शिकली होती. तिने बाजाराचं पेज काढलं. आधी वांगी दाखवली, मग भेंडी दाखवली. कोणी पाहिलं नाही. एके दिवशी सहज नवऱ्यासमोर, बादलसमोर, फोन धरला आणि तो वांग्याशीच बोलायला लागला. तिथून लोक यायला लागले.

बादल असा बोलका माणूस आहे हे खुद्द उज्ज्वलाला नव्याने कळत होतं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं तिने त्याला दारूतच पाहिलं होतं. त्याच्या सायकलचा आवाज आला की लहानगी लेक अंजू दप्तर उचलून मागच्या दाराने काकूकडे जायची. मग एका पावसाळ्यात त्याचे डोळे हळदीसारखे झाले, पोट फुगलं, आणि यवतमाळच्या दवाखान्यात तो महिनाभर पडून राहिला. डॉक्टरांनी उज्ज्वलाला बाहेर नेऊन सांगितलं होतं, “आता थेंब गेला तरी मी जबाबदार नाही.”

शेजारच्या खाटेवरच्या आपल्या भावाला भेटायला एक माणूस रोज यायचा. भीमराज वानखडे. एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त. तोही एके काळी पिणारा. त्याने बादलला दिग्रसच्या विहारामागच्या खोलीत दर गुरुवारी भरणाऱ्या बैठकीला नेलं. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं तिथे सतरंजीवर गोल बसत आणि आठवडा कसा गेला ते सांगत. सहा वर्षं बादलने एकही गुरुवार चुकवला नव्हता.

फेब्रुवारीत बाजारातली गर्दी कमी झाली. गटाचा अध्यक्ष सुनील कृषी पदवीधर होता, धडपड्या होता. त्याने एका रविवारी सगळ्यांना थांबवून घेतलं.

“जिनिंगचा मालक म्हणतो, माणसं दाखवा, नाहीतर उन्हाळ्यात जागा लग्नाच्या लॉनवाल्याला देतो,” तो म्हणाला. “आपल्याला मोठं काहीतरी करावं लागेल. या विजयमाला मॅडम. पुसदकडे यांची वायनरी आहे. जांभळाची वाईन करतात, आपल्याच जिल्ह्यातल्या जांभळांची. त्या इथे स्टॉल लावतील. परवानगी त्या आणतील. यवतमाळ, अमरावतीची गाडीवाली माणसं चव घ्यायला येतील आणि जाताना भाजी नेतील.”

“भाजीच्या बाजूनं दारू?” हंसाबाईने विचारलं.

“दारू नाही मावशी, वाईन.”

“चढते का नाई?”

“थोडी चढते.”

“मंग?”

सगळे हसले. विजयमालाही हसली. पन्नाशीची, सुती साडीतली, नीटस बाई होती. ती म्हणाली, “मावशी, तुमचं बरोबर आहे. पण आमच्याकडे चाळीस घरांची जांभळं येतात, जी आधी झाडाखाली सडायची. एकदा महिनाभर करून बघू. नाही पटलं तर मी स्टॉल उचलते.”

हात वर करायला सांगितलं तेव्हा उज्ज्वलाने केला. तिला लॉनवाल्याची भीती होती. बादल जमिनीकडे पाहत होता. सगळ्यांचे हात वर गेलेले पाहून त्यानेही केला.

“आणि व्हिडिओत चेहरा आपल्या बादलभाऊंचाच,” सुनील म्हणाला. “पागोटं बांधून, हातात पेला. बाटलीचं नाव दिसू द्यायचं नाही, कायद्यात बसत नाही ते. नुसता पेला आणि भाऊ.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी वांग्याला पाणी देताना उज्ज्वलाने विषय काढला. “सुनीलभाऊले सांगून टाकू का?”

“काय सांगशीन?”

“का तुमाले जमत नाई.”

“काहून जमत नाई, हे विचारंन ना तो.” बादलने फावड्याने दांड फोडला आणि पाणी दुसऱ्या सरीत सोडलं. “तांड्यात मी मरेपरेंत बेवडाच हावो, उज्ज्वला. कोनाच्या घरी लग्न असलं का लोक पह्यले माह्या पायाकडे पाहतेत, सिधे पडतेत का नाई. तिथी बाजारात कोनी तसं पाहत नाई. तिथी मी बादलभाऊ हावो. तेवढं राहू दे मले.”

पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत दोघं उभी राहिली.

“लाल अंबाडीचं सरबत करू,” ती शेवटी म्हणाली. “रंग तसाच येते. पेल्यात तेच टाकू. कोनाले काय समजते?”

“हाव,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. “हे जमते.”

गुरुवारी त्याने बैठकीत ते सांगितलं असावं, कारण शुक्रवारी सकाळी भीमराज तांड्यावर आला. उज्ज्वलाने चहा ठेवला. तो ओट्यावर टेकला नाही, उभाच राहिला.

“सरबत असो का पानी असो,” तो म्हणाला, “पेला तोच हाय ना? बाजूनं बाटल्या उघडून राहतीन. वास येईन. माह्यं ऐक उज्ज्वला, त्याले उभा नको करू तिथी.”

“काका, मी हावो ना. मी समोरच राहीन. पाहीन मी.”

“तो नाई म्हनू शकत नाई कोनाले. चांगला झाला तवापासून तर अजिबातच नाई. त्याच्याकून तुले नाई म्हना लागंन.”

“म्हनीन मी,” उज्ज्वला म्हणाली. “तुमी चहा घ्या.”

त्या रविवारी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. फाटकाबाहेर गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. विजयमालाच्या स्टॉलवर पांढरा कपडा अंथरला होता आणि त्यावर उलटे ठेवलेले काचेचे पेले चमकत होते. जिनिंगचा मालक खुर्ची टाकून बसला होता. वायनरीच्या पेजसाठी यवतमाळहून एक कॅमेरावाला आला होता. बाजाराच्या पेजसाठी उज्ज्वला आपला फोन घेऊन त्याच्या बाजूला उभी राहिली. बादलने तांबडं पागोटं बांधलं होतं. उज्ज्वलाने घरून आणलेल्या बाटलीतलं सरबत पेल्यात ओतलं. बादल पेला घेऊन उभा राहिला आणि हसला.

कॅमेरावाल्याने डोळा लावला आणि मान हलवली. “मॅडम, हे सरबत दिसतंय. गुलाबी मारतंय. जांभळी झाक पाहिजे.”

“सरबतच आहे,” सुनील हसून म्हणाला. “भाऊंना गोड आवडतं.”

“अहो, आमचीही गोडसरच आहे,” विजयमाला म्हणाली. तिने बादलच्या हातून पेला घेतला, सरबत बाजूच्या बादलीत ओतलं, पेला पुसला आणि बाटलीतून बोटभर वाईन ओतली. “नुसतं तोंडाला लावा, दादा. पिऊ नका हवं तर.”

बादलने पेला घेतला. क्षणभर तो खाली पेल्यातच पाहत राहिला. मग त्याने मान वर करून उज्ज्वलाकडे पाहिलं.

उज्ज्वला फोनच्या पडद्याकडे पाहत होती. पडद्यावर पागोटं होतं, जांभळा पेला होता आणि त्याच्या मागे माणसंच माणसं होती. एवढी माणसं या आवारात तिने कधी पाहिली नव्हती. आता नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागेल. या सगळ्यांसमोर, मालकासमोर, हंसाबाईसमोर. तो तोंडालाच लावेल नुसता, तिने स्वतःला सांगितलं. सहा वर्षं झाली. एका घोटाने काय होतं?

“रेडी, ताई?” कॅमेरावाल्याने विचारलं.

“हो,” उज्ज्वला म्हणाली.

बादल प्याला.

“छान! एकदा अजून, दादा. पेला थोडा वर धरा.” दुसऱ्यांदा मागून कोणी आडवं गेलं. तिसऱ्यांदा बादलने कोणी न सांगताच बोटभर ओतलेलं सगळं संपवलं, ओठ पुसले आणि म्हणाला, “जंगलाचं जांभूय हाय बाप्पा, आपल्या घरचं! मांगा अजून!” आणि मान मागे टाकून हसला. सगळं आवार त्याच्याबरोबर हसलं. मालकसुद्धा हसला. उज्ज्वलाच्या हातातला फोन मात्र थोडा खाली आला. ते हसणं तिच्या ओळखीचं होतं.

परतताना टेम्पोत बादल रिकाम्या कॅरेटवर बसला होता. तांड्याचा रस्ता आला तेव्हा तो स्वतःच म्हणाला, “पाह्य, काई नाई झालं.”

“हाव,” ती म्हणाली.

“मी भेलो होतो. पन काई नाई झालं.”

तो जेवला, वेळेवर झोपला, सकाळी गडी कामाला लागायच्या आत शेतात गेला. उज्ज्वला दोन-तीन दिवस त्याच्या मागे मागे राहिली, मग तिचीच तिला लाज वाटली.

बुधवारी यवतमाळहून अंजूचा फोन आला. ती तिथे नर्सिंग शिकत होती. वायनरीचा व्हिडिओ तिच्या होस्टेलच्या मुलींनी तिला दाखवला होता.

“आई, बाबाच्या पेल्यात काय होतं?”

“सरबत. अंबाडीचं.”

“खरं?”

“खरं ना वो.”

अंजू म्हणाली, “मले ते हसनं आठवते, आई,” आणि तिने फोन ठेवला.

त्या गुरुवारी बादल बैठकीला गेला नाही. वांगी तोडायची आहेत म्हणाला. खरोखरच तोडायची होती. बाजारात आता आणलेला माल दुपारपर्यंत संपत होता. पुढच्या गुरुवारी त्याने काही कारणही दिलं नाही. भीमराजचे फोन आले की तो शेतात असायचा.

मार्चमधल्या एका रविवारी विजयमालाकडे माणूस कमी होता, म्हणून बादल आपणहून पेले धुवायला गेला. उज्ज्वलाला त्याला जेवायला बोलवायचं होतं. ती स्टॉलच्या मागे गेली. पडद्याआड तो उकिडवा बसला होता. समोरच्या टोपल्यात लोकांनी चव घेऊन ठेवलेले उष्टे पेले होते. एकेक पेला उचलून तो तळाशी राहिलेलं तोंडात ओतत होता आणि मग बादलीत बुचकळत होता. घाई नव्हती. नेमून दिलेलं काम करावं तसा तो करत होता.

“अंजूचे बाबा,” तिने हाक मारली.

तो दचकला. त्याने बाहीने तोंड पुसलं. दोघांमध्ये तो टोपला होता आणि पडद्याच्या पलीकडून लोकांच्या हसण्याबोलण्याचा आवाज येत होता.

“चाला घरी.”

“तू मले आता म्हनून राह्यली का?” तो हळू आवाजात म्हणाला. “मी तुह्याकडे पाह्यलं होतं त्या दिवशी.”

उज्ज्वलाने पडदा नीट ओढून घेतला.

“तू मोबाईलमंदी पाहत होती,” तो म्हणाला आणि पुढचा पेला बादलीत टाकला.

त्यानंतर लपवाछपवी राहिली नाही. वाईन त्याला पुरेना. रस्त्यापलीकडे देशीचं दुकान होतं, तांड्यामागे नाल्यात भट्टी होती. दोन्हीकडच्या वाटा त्याचे पाय विसरले नव्हते. उज्ज्वलाने हात जोडले, शिव्या दिल्या, एकदा त्याला खोलीत कोंडलं. भीमराज येऊन दिवसदिवस त्याच्याजवळ बसला. शुद्धीत असला की बादल त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचा आणि उद्यापासून बैठकीला येतो म्हणायचा. होळीला अंजू घरी आली नाही. परीक्षा आहे म्हणाली.

एका रविवारी तो सकाळीच पिऊन बाजारात आला. पागोटं बांधून, दाढी करून आला होता. लोक त्याच्याभोवती गोळा झाले, कोणी फोन काढले. तो वांग्यांची टोपली घेऊन बोलायला लागला, पण शब्द घसरत होते. लोक आधी हसले, मग एकमेकांकडे पाहू लागले. त्याचा तोल गेला आणि तो हंसाबाईच्या सांभारावर पडला. सुनीलने त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं.

हंसाबाई तुडवलेल्या जुड्या वेचत होती. “माह्या भावाचं असंच झालं वो,” एवढंच ती उज्ज्वलाला म्हणाली. भरपाई तिने घेतली नाही.

सुनील परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “ताई, पुढच्या रविवारपासून भाऊंना आणू नका. वाईट वाटतं सांगायला, पण बाहेरची माणसं येतात. पेजवर आता दुसरं कोणी बघू.”

विजयमालाही तिथे आली. बादलचं जुनं सगळं तिला त्या दिवशी कळलं. तिचे डोळे भरून आले. “मला एक शब्द सांगायचा होता ना, उज्ज्वलाताई. मी पेल्यात रंगाचं पाणी टाकलं असतं हो.”

“तुमची चूक नाई त्याच्यात,” उज्ज्वला म्हणाली.

विजयमालाने व्हिडिओ त्याच दिवशी काढून टाकला. पण तो तोवर किती जणांनी उचलला होता, त्याला गाणी लावली होती, फक्त हसण्याचा तुकडा कापून फिरवला होता. तो कुठून कुठून समोर यायचा. उज्ज्वलाने पेजचा पासवर्ड सुनीलला देऊन टाकला. बाजारात बसणं मात्र तिला सोडता येत नव्हतं. वांगी तयार होत होती आणि घर त्यांच्यावरच चाललं होतं. जागा लॉनवाल्याला गेली नाही. रविवारी गाड्या अजूनही रस्त्यापर्यंत लागत. एखादं कुटुंब तिच्यासमोर थांबून विचारायचं, “ते पागोटंवाले काका कुठे बसतात?”

“आज नाई आले,” ती सांगायची आणि तराजूत वांगी टाकायची.

मेच्या मध्यावर एका दुपारी भीमराजचा फोन आला. “उज्ज्वला, दिग्रसच्या स्टँडवर ये. पुसदची गाडी लागते तिथी. लवकर ये, पोरी. माह्या एकट्याच्यानं होत नाई.”

ती मिळाला तो ऑटो पकडून गेली. लग्नसराई होती, स्टँड माणसांनी भरलेला होता. फलाटाच्या टोकाला, जिथे छप्पर संपतं, तिथे लोकांचं कडं झालं होतं. त्यातून तिला आधी भीमराजचा आवाज ऐकू आला. “नका काढू बाबू. नका ना काढू. मानूस बिमार हाय.”

बादल उघड्या फरशीवर आडवा पडला होता. सदरा पोटावर सरकला होता, पोट पुन्हा फुगलं होतं. तोंडातून लाळ गळत होती. एक चप्पल पायात होती. त्याच्या भोवती पाच-सहा फोन वर धरलेले होते. पोरं होती, लग्नाला निघालेली नटलेली माणसं होती, कडेवर मूल घेतलेली एक बाई होती. भीमराज एका फोनपुढे हात आडवा धरायचा, तोवर दुसरा पुढे यायचा.

उज्ज्वला माणसं बाजूला सारून आत गेली. तिने बादलचा सदरा खाली ओढला, पदराने त्याचं तोंड पुसलं. त्याच्या नाकापुढे हात धरून पाहिला. श्वास चालू होता. “अॅम्बुलन्सले फोन केला म्या,” भीमराज म्हणाला. “दारव्ह्याहून येते म्हने, वेळ लागंन.” दोघांनी मिळून त्याला छपराखाली ओढून पाहिलं, पण तो हलत नव्हता, आणि ओढताना त्याचं डोकं फरशीवर घासत होतं. त्यांनी सोडून दिलं.

“ताई, जरा बाजूला व्हा ना,” मागून एक पोरगा म्हणाला. आवाजात काही वाईट नव्हतं. “हे तेच आहेत ना? बाजाराच्या रीलवाले?”

उज्ज्वलाने वळून त्याच्याकडे पाहिलं. अंजूच्याच वयाचा होता.

“नाई,” ती म्हणाली. “हे आमच्या घरचे हायेत.”

पोरग्याचा हात खाली आला. पण बाकीचे तसेच होते. ती त्यांच्याकडे पाठ करून बादलच्या डोक्याशी मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी पदर पसरून त्याच्या तोंडावर आडोसा धरला. भीमराज पलीकडच्या बाजूने बसला. पुसदची गाडी लागली, काही माणसं तिकडे धावली, त्यांच्या जागी दुसरी येऊन उभी राहिली. फरशी तापलेली होती. ऊन हळूहळू बादलच्या कपाळाकडे सरकत होतं, आणि ते जसं सरकत होतं तशी उज्ज्वला बसल्या बसल्या थोडी थोडी सरकत होती, आपली सावली त्याच्या तोंडावरून हलू न देता.